पत्री

फार्मिंग्टनच्या टोकाला, जिथे रस्ता डांबर सोडतो,
तिथे व्हर्ना त्सोसीचं गॅरेज.
गाडी लिफ्टवर चढली
आणि सात वर्षांत पहिल्यांदा मी तिचं पोट पाहिलं.

वरून धुतलेली, पुसलेली, बॉनेटला मेण चोपडलेलं.
खाली चिखलाच्या खपल्या, गंज,
एका नळीत अडकलेलं वाळकं झुडूप,
आणि ऑइल पॅनला पडलेला तो पोचा, नाण्याएवढा,
मधोमध फुटलेला.

मागच्या गुरुवारी पर्जन्यमापक वाचून परतताना
कोरड्या ओढ्यात दगड लागला.
मोठा नव्हता. मीच त्याला मधोमध घेतला होता,
चाकं वाचावीत म्हणून.
पुढे चार मैल वाळूवर काळी रेघ ओढत आले.
आरशात दिसली, तेव्हा वाटलं
सावली असेल कसली तरी.

व्हर्ना टॉर्च फिरवते. विचारते,
"कुठे जातेस? कशासाठी? सोबत कोण असतं?"
सांगते: पाऊस मोजायला. बहुतेक नसतोच.
सोबतही.
ती मान हलवते,
शिंपी माप घेताना हलवतो तशी.

"अ‍ॅल्युमिनियम हलकं. पण दगड त्याला चावतो, धरून ठेवतो.
पोलाद जड, पण घसरतं. पोचे येतील, ठोकून काढू.
सगळंच झाक म्हणशील तर झाकते.
मग चिखल आत अडकून सुकेल, गिअरबॉक्स तापेल,
ऑइल बदलायचं तर दर वेळी चौदा बोल्ट,
आणि दोनशे पौंडांचं ओझं वाहत फिरशील उन्हातान्हात
न लागलेल्या दगडांसाठी."

न लागलेल्या दगडांसाठी.
हे मी मराठीत पुटपुटले असणार,
कारण तिने "काय?" म्हटलं.

काय सांगू तिला?
तासगावच्या बाजाराबाहेर कासम नालबंद
बैलाला दोरीने आडवा पाडायचा,
चारी पाय एकत्र बांधायचा,
तोंडात खिळे धरलेले, तरी बोलायचा,
तेही बैलाशीच.
मी दप्तर मांडीवर घेऊन बसायचे, घरी उशिरा जायचे.
बैलाचा एक डोळा आभाळाकडे.
त्यात मी, इवलीशी, उलटी.
एकदा विचारलं, अख्ख्या खुराला का नाही मारत पत्री?
खिळे हातावर काढून म्हणाला,
"जमीन कळायला नको का त्याला?"

शेवटी पुढच्या भागाला पोलाद, पाव इंचाला जरा कमी.
ट्रान्स्फर केसलाही तेच.
इंधनाच्या टाकीला कंपनीची पट्टी आहे, तीच राहू दे.
ऑइल काढायला भोक ठेव, हात जाईल एवढं.
मागचा डिफरन्शियल उघडाच.
त्याचं कवच जाड आहे, असं व्हर्ना म्हणते,
आणि माझे पैसे संपलेत, असं मी.
"रंग कुठला?" ती विचारते,
आणि आम्ही दोघी त्या पोटाखाली उभ्या राहून
बराच वेळ हसतो.

शनिवारी त्याच ओढ्यातून गेले.
पत्री मारलेला बैल डांबरी रस्त्यावर पहिल्यांदा
पाय टाकतो, थबकतो,
स्वतःचाच आवाज कान टवकारून ऐकतो,
तशी चालली गाडी.
मग खालून एकदम खर्रर्र.
दात शिवशिवले.

थांबले. इंजिन बंद केलं.
वाळूत पाठीवर पडून आत सरकले.
लांबलचक ओरखडा, चकचकीत,
साऱ्या गाडीत तेवढाच नवा.
बोट फिरवलं. ऊन होता अजून.

पर्जन्यमापकात त्या दिवशी
एक मेलेला भुंगा होता, पाणी नव्हतं.
वहीत शून्य लिहिलं.
भुंग्यासाठी रकाना नाही.